ओम्नी पावसात मिसिंग करते, चढावर ठोकते: आधी डिस्ट्रिब्युटर बघायचा की क्रँक?

सुरंगी
नमस्कार. आमच्या बचत गटाची मारुती ओम्नी आहे. पेट्रोल, कार्बोरेटरची, पॉइंट (उघड-मीट करणारे संपर्क) नसलेला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना पाळीने ठिणगी वाटणारा भाग. हर्णैच्या लिलावातून मासळी उचलून दापोली आणि खेडला पोचवणं हे तिचं रोजचं काम.

पाऊस लागल्यापासून सकाळी स्टार्टिंगला त्रास देते, आणि चालू झाली तरी एक सिलिंडर मध्येच सोडते. गेल्या पंधरा दिवसांत दापोलीच्या चढावर तिसऱ्या गिअरला आतून टकटक ऐकू येते. इंजिन तापलं की आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणतो. डिपस्टिकवर ऑइल कमी नाही, उलट वरच्या खुणेच्याही थोडं वर आहे.

गॅरेजमध्ये दोन मतं पडली. एक म्हणतं कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी) आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बदला, दुसरं म्हणतं थेट जुन्या बाजारातलं इंजिन टाका. पैसे गटाचे आहेत, म्हणून आधी मोजून-तपासून ठरवायचं आहे. कशापासून सुरुवात करावी? टायमिंग लाइट, मल्टीमीटर आणि कॉम्प्रेशन गेज मिळू शकतं.

करंट
ताई, इग्निशनपासून सुरुवात करा. त्याला फारसा खर्च नाही, आणि मिसिंग चालू असताना आतल्या आवाजावरून काही ठरवायला गेलं तर हमखास फसायला होतं.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. मागे मासळीचे क्रेट असले की बर्फाचं खारं पाणी फरशीवरून पुढे सरकतं आणि कव्हरच्या कडेने थेट वायरिंगवर उतरतं. समुद्राची हवा वेगळीच. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. उन्हाळ्यात कोरडा असलेला मिठाचा थर जूनमध्ये ओला होऊन करंट वाहायला लागतो, म्हणून तक्रार पावसातच सुरू होते.

रात्री अंधारात सीट उचला, इंजिन चालू करा आणि नुसतं बघा. कॅपवर, लीडवर (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरींवर), कॉइलच्या तोंडाशी निळ्या रेघा नाचताना दिसतील. दिसल्या नाहीत तर फवाऱ्याच्या बाटलीने गोड्या पाण्याचा अगदी बारीक तुषार लांबून मारा. हात कशालाही लावू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका पॉइंटवाल्यापेक्षा जोरदार असतो. तुषार मारताच मिसिंग वाढली तर गळती तिथेच आहे.

मग कॅप उतरवा. आधी लीडवर नंबर टाका, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-२ आहे. कॅपच्या आत दोन खांबांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली की ती कॅप गेली. ती रेघ म्हणजे जळून कार्बन झालेलं प्लॅस्टिक, घासून वरून गेली तरी पहिल्या ओलाव्याला परत उमटते. नुसता पांढरा-हिरवा चुरा असेल तर गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून परत लावता येते. मधला कार्बनचा दाणा बोटाने दाबून बघा, स्प्रिंगने परत वर आला पाहिजे. कॅपमध्ये ऑइल दिसलं तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं सील गेलंय.

लीड मल्टीमीटरवर मोजा. सुझुकीच्या रेझिस्टन्सवाल्या लीडला मीटरमागे १० ते २२ हजार ओहम असतात, म्हणजे ४० सेंटिमीटरची लीड ४ ते ९ हजार दाखवेल. मोजताना लीड वाकवून हलवा. आकडा उड्या मारायला लागला तर आतली तार तुटलेली आहे. रबरी बूट मागे सरकवून पितळी टोक हिरवं पडलंय का तेही बघा.

कॉइल: इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरबरोबरच्या कॉइलला प्रायमरी साधारण एक ते दीड ओहम, सेकंडरी ८ ते १५ हजारांच्या घरात. थंड असताना मोजा आणि अर्धा तास चालवून तापल्यावर पुन्हा मोजा. कॉइल बऱ्याचदा गरम झाल्यावरच उघडी पडते.

आता कोकणातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, अर्थ, म्हणजे इंजिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांची जोडणी. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कॉइलचा करंट तोडून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थपट्टी आतून कुजली आहे, वरून कितीही धड दिसो. त्याच वेळी बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. स्थिर असताना १२.६ हवेत. पट्टी नवी टाका, दोन्हीकडची जागा चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग नट असं करू नका.

भरती_ओहोटी
दादानू, एक गोष्ट ऱ्हवली. रोटर, कॅपीच्या आत फिरता तो. आमच्या मालवण, देवगडाकडे रोटराच्या टोकाक हिरवा चढता आणि लोक तेका जाड एमरीन घासतत. घासून टोक कमी झाला की कॅपीच्या खांबापासून अंतर वाढता आणि कॉइलीवर जोर येता. हलक्या हातान चाकूच्या पाठीन खरवडूक व्हया, टोक जळलेला असात तर नवोच घालूचो.

करंट
@भरती_ओहोटी, अगदी बरोबर. जोडून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टही आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर पिकअपचं (ठिणगीचा इशारा देणाऱ्या चुंबकी भागाचं) अंतर प्रत्येक फेऱ्याला बदलतं आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या दिव्याखाली) खूण एका जागी थांबत नाही. हे अंतर ०.२ ते ०.४ मिमी, आणि मोजायला पितळी फिलर गेज हवा. लोखंडी पाती चुंबकाला चिकटते आणि माप खोटं येतं.

प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी. गाडी एलपीजीवरही चालत असेल तर ०.७ च ठेवा. गॅसच्या मिश्रणाला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे इग्निशन कमजोर झालं की गॅसवरची मिसिंग पेट्रोलच्या आधी सुरू होते. नवा प्लग हाताने पूर्ण बसवायचा आणि वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याहून जास्त ताकद लावलीत तर आटे जातात.

रानवाट
पॉइंटवाल्या जुन्या गाडीला यातलं काय लागू?

करंट
कॅप, लीड, अर्थ सगळं तेच. वर पॉइंटची गॅप ०.४ ते ०.५ मिमी, डिस्ट्रिब्युटरचा कॅम पॉइंटला पूर्ण उघडून धरतो त्या जागी मोजायची. पॉइंट निळसर जळले असतील, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल, तर कंडेन्सर संशयित. गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग. उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं.

लेथवाला
सगळ्यांनी इग्निशनवर चांगलं लिहिलंय. पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं: ऑइल खुणेच्या वर आहे. ऑइल आपोआप वाढत नसतं, त्यात काहीतरी मिसळतंय.

डिपस्टिकचा वास घ्या. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून दहा मिनिटं ठेवा. काळ्या ठिपक्याभोवती लांबवर पसरलेली फिकट कड आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय. दुधाळ कॉफीसारखा रंग असेल तर पाणी शिरलंय, तो वेगळा प्रश्न.

पेट्रोल ऑइलमध्ये दोन वाटांनी जातं. जे सिलिंडर पेटत नाही त्यातलं न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत उतरतं. दुसरी वाट म्हणजे यांत्रिक पेट्रोल पंपाचा फाटलेला पडदा. म्हणजे मिसिंग आणि टकटक हे दोन आजार नसण्याची शक्यता मोठी आहे. कॅपवर मीठ बसलं, मिसिंग सुरू झाली, पेट्रोल खाली उतरलं, ऑइल पातळ झालं, आणि बेअरिंग व क्रँक पिन (पिस्टनचा रॉड क्रँकच्या दांड्याला जिथे धरतो तो भाग) यांच्या मधला ऑइलचा पापुद्रा तुटला. असं असेल तर दुसरं इंजिन टाकूनही चार महिन्यांत तेच होणार, कारण जुनी कॅप, जुन्या लीड आणि जुना पंप त्याच्यावरही चढवले जातील.

ही टकटक घेऊन आता चढ चढू नका. सामान रिकामं करून, सपाटीवर, तेही फक्त गॅरेजपर्यंत.

घाटवाट
एवढं इंजिन उघडण्याची गरज नाही असं मला वाटतं. ऑइल जाड भरा, २०डब्ल्यू-५०, दिवा बंद होतो. चेंबर खोललंच तर शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) काढून पिनला बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि शेलच्या पाठीमागे पातळ पत्रा घालून रॉडची कॅप आवळायची. कुंभार्ली घाटात माल ओढणाऱ्या गाड्यांना हेच करतात आणि चालतात.

लेथवाला
@घाटवाट, हे होतं हे मला माहीत आहे आणि म्हणूनच सविस्तर लिहितो.

शेलची पाठ आणि रॉडचं भोक यांचा धातूला धातू पूर्ण टेकला पाहिजे. शेलमधली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. मध्ये पत्रा, कागद, ऑइल, अगदी बारीक कचरा जरी आला तरी तिथे उष्णता अडकते. शिवाय पत्रा अर्ध्याच भागात बसतो, भोक गोल राहत नाही, दोन बाजूंना घट्ट आणि मध्ये ढिलं होतं. अशी शेल फिरते. फिरलेली शेल ऑइलचं भोक झाकते आणि मग पिन निळी पडते, रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो. कॅप घासून खाली घेणं हाही त्याच जातीचा उपाय. नव्या शेलचं टोक कॅपच्या कडेपेक्षा किंचित वर असतं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्या दाबानेच शेल जागेवर धरली जाते.

जाड ऑइलने दिवा बंद होतो हे खरं. दिव्याचं स्विच फार कमी दाबाला लागतं, त्यामुळे दिवा विझला याचा अर्थ एवढाच की दाब त्या कमीत कमी आकड्याच्या वर गेला. झिजलेली पिन तशीच राहते आणि जाड ऑइल थंडपणी बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. स्विच काढून तिथे दाबाचं गेज लावा. इंजिन पूर्ण तापलेलं असताना ढोबळ हिशेब मिनिटाला दर हजार फेऱ्यांना चौरस सेंटिमीटरवर ०.७ किलो, म्हणजे तीन हजारांना दोन किलोच्या वर दाब हवाच.

खाडीकाठ
याच धाग्यात विचारतो. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या बऱ्याच गाड्या अजून अर्धवट दुरुस्तीवर चालतायत. पाण्यात गेलेल्या पेट्रोल गाडीचा क्रँक कसा तपासायचा?

लेथवाला
थोडक्यात सांगतो. पाण्यातून काढलेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मग सगळे प्लग काढा, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन फेरे द्या. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर ते पूर्ण निघेपर्यंत फिरवत राहा. पाणी दाबलं जात नाही. पाणी असलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

वाकलेला रॉड ओळखायला हेड उघडून प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतो ते डेप्थ गेजने मोजा. तिन्ही सारखे हवेत. एखादा अर्धा मिमीनेही खाली असेल तर तो रॉड वाकलेला. गाडी चालत असते, पण पिस्टन तिरका घासतो आणि त्या पिनची शेल एका कडेला खाल्ली जाते.

वाशिष्ठीच्या खालच्या अंगाला भरतीचं पाणी आत येतं, तिथल्या पुरात मीठ असतं. खारं पाणी ऑइलमध्ये राहिलं तर जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. म्हणून ऑइल आणि फिल्टर लगेच काढायचं, स्वस्त पण नवीन ऑइल भरून प्लग न लावता फिरवायचं, परत काढायचं, दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत. रॉकेलने धुऊ नका. रॉकेल बेअरिंगवरचा पापुद्राही धुऊन नेतं आणि आडव्या वाटांमध्ये साचून नव्या ऑइलला पातळ करतं.

माडबाग
इंजेक्शनच्या गाडीला क्रँक सेन्सर असतो, त्याचं काय?

करंट
स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल, किंवा पी ०३३५ हा (क्रँक सेन्सरच्या सर्किटचा) कोड आला असेल, तर आधी सेन्सरचं सॉकेट बघा. किनाऱ्यावर दहातल्या बऱ्याच तक्रारी त्या हिरव्या पडलेल्या पिनांच्या असतात. दोन वायरचा चुंबकी सेन्सर असेल तर ओहमवर मोजता येतो, आणि स्टार्टर मारताना एसी व्होल्टवर काहीतरी आकडा दिसलाच पाहिजे. टोकावर लोखंडी कीस चिकटला असेल तर पुसा, आणि कीस कुठून आला हेही शोधा. तीन वायरचा हॉल सेन्सर ओहमवर मोजू नका, त्यातून काही कळत नाही. गरम झाल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी म्हणजे बऱ्याचदा हाच सेन्सर.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. आकडे देते.

अंधारात बघितलं तेव्हा कॅपपासून ब्लॉककडे निळी रेघ स्पष्ट दिसली, दोन नंबरच्या खांबाशेजारी. आत काळी रेघ आहे. दोन नंबरची लीड हलवल्यावर मीटर उघडा, म्हणजे तार तुटलेली दाखवतो. अर्थचा फरक १.१ व्होल्ट आला. पट्टी सोडवली तर हातात चुरा आला. कॅप, रोटर, लीडचा सेट, पट्टी आणि प्लग बदलले. मिसिंग पूर्ण गेली, पण टकटक आहे.

कॉम्प्रेशन: १२, ११.५, ११.८ किलो. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, कागदावर फिकट कडही पसरली. तापल्यावर तीन हजारांना दाब १.४ किलो.

लेथवाला
कॉम्प्रेशन उत्तम आहे. तीनमध्ये एक किलोच्या आतला फरक, म्हणजे रिंग आणि व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही. दाब मात्र कमी. पण तो आकडा पातळ ऑइलवर घेतलेला आहे. आधी ऑइल आणि फिल्टर बदला, पेट्रोल पंप उतरवून पडदा बघा, आणि मग दाब परत घ्या.

त्यानंतर आवाज कुठल्या पिनचा ते शोधा. इंजिन दोन हजारांच्या आसपास धरून एकेक सिलिंडर बंद करायचं. लीड काढून हवेत सोडू नका, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही जातात. इंजिन बंद करून त्या लीडमध्ये जादा प्लग बसवा, प्लगचं लोखंड तारेने ब्लॉकला बांधा आणि मग चालू करा. जे सिलिंडर बंद केल्यावर टकटक विझते, त्याची रॉडची बेअरिंग. आवाज जड, धबधब असा असेल आणि कुठलंही एक बंद करून फारसा फरक पडत नसेल तर मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी). थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होणारा आवाज पिस्टनचा, त्याची घाई नाही. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर थ्रस्टचे अर्धगोल (क्रँकचं मागे-पुढे सरकणं अडवणारे) बघा. पुली धरून मागे-पुढे ढकलून डायल गेजवर मोजा. सुझुकीच्या या घराण्यात साधारण ०.११ ते ०.३१ मिमी चालतं, ०.३८ ही हद्द.

सुरंगी
ऑइल बदलल्यावर दाब १.७. पंपाचा पडदा धड आहे. दोन नंबर बंद केल्यावर टकटक विझते. क्लचने फरक नाही. चेंबर खोलायचं ठरलं आहे. काय काय बघायचं ते सांगा, मिस्त्री चांगले आहेत पण मायक्रोमीटर त्यांच्याकडे नाही.

लेथवाला
पंप धड म्हणजे पेट्रोल मिसिंगमधूनच उतरलं. ते कारण तुम्ही दूर केलंत, हे सर्वांत महत्त्वाचं झालं.

चेंबर खालून उतरवून रॉडच्या कॅप जागेवरच उघडता येतात. कॅप आणि रॉड यांच्यावर एकाच बाजूला नंबरची खूण करा, कॅप उलटी किंवा दुसऱ्या रॉडवर गेली तर भोक गोल राहत नाही. रॉडच्या बोल्टवर पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा. नाहीतर रॉड वर ढकलताना बोल्टचे आटे पिनवर ओरखडा काढतात.

शेल टेबलावर क्रमाने मांडा, वरची वर, खालची खाली. रॉडमध्ये स्फोटाचा मार वरच्या शेलवर येतो. वरची शेल तांब्याच्या रंगाला पोचली असेल आणि खालची अजून राखाडी असेल तर मार जास्त झालाय, तेव्हा टायमिंग पुढे ठेवलेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडत होती का बघा. दोन्ही सारख्या घासल्या असतील तर ऑइलचा दोष. एकाच कडेला झिजली असेल तर रॉड वाकडा किंवा पिन निमुळती. काळे खोल चरे म्हणजे कचरा.

पिनवर नख आडवं फिरवा. अडकलं तर पॉलिशने भागणार नाही. मायक्रोमीटर मिरजोळे एमआयडीसीत किंवा चिपळूणजवळ खेर्डी एमआयडीसीत एखाद्या मशीन शॉपकडे मिळेल. प्रत्येक पिनला चार मापं: दोन्ही कडांना, आणि प्रत्येक कडेला काटकोनात दोनदा. एकाच कडेच्या दोन मापांतला फरक म्हणजे लंबगोलपणा, दोन कडांमधला फरक म्हणजे निमुळतेपणा. दोन्हींची हद्द ०.०१ मिमी.

मेनच्या कॅप मात्र एकेकच उघडा, शेल बघा आणि लगेच लावा. मेनमध्ये भार खालच्या, म्हणजे कॅपकडच्या शेलवर येतो, त्यामुळे काय ते तिथेच दिसतं.

सुरंगी
दोन नंबरची वरची शेल जवळपास पूर्ण तांबडी. खालची राखाडी, किंचित चरे. एक आणि तीनची वरची शेल मध्यभागी जराशी पिवळसर. दोनच्या पिनवर नख अडकतं. लंबगोलपणा ०.०३, निमुळतेपणा ०.०१. एक आणि तीन ०.०१ च्या आत. मेनच्या चारही कॅपमधल्या शेल राखाडी, गुळगुळीत. आणि हो, टायमिंग लाइट लावल्यावर खूण ठरलेल्या जागेच्या बरीच पुढे होती.

करंट
हे हवं होतं. मिसिंगमुळे गाडीचा पिकअप (वेग पकडण्याची ताकद) गेला, म्हणून कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे घेतलं. पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलायला लागतो. चढावर, तिसऱ्या गिअरला, पातळ ऑइलवर तो मार थेट वरच्या शेलवर बसला. तिन्ही वरच्या शेलवर खूण आहे, म्हणजे मार तिघांवरही होता. एकटं दोन नंबर गेलं, कारण न जळलेलं पेट्रोल तिथेच उतरत होतं.

लेथवाला
क्रँक बाहेर काढावाच लागेल, म्हणजे इंजिन खाली. पण जुन्या बाजारातलं इंजिन नको. तुमच्या ब्लॉकचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, तेवढी खात्री दुसऱ्या इंजिनाची कोणी देणार नाही.

ग्राइंडिंगला पाठवण्याआधी क्रँक व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या दोन्ही मेनवर एकेकदा डायल लावा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.०६ मिमीपेक्षा जास्त हलू नये. तडा आहे का ते चुंबकी चाचणीने बघतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनची कामं करणारे बरेच आहेत. ती सोय नसेल तर क्रँक रॉकेलमध्ये भिजवून, पुसून, वर खडूची पूड लावा. तड्यातून रॉकेल झिरपून पुडीवर ओली रेघ उमटते. विशेष करून पिन आणि वेब (पिनला जोडणारा बाजूचा हात) जिथे मिळतात त्या गोलाईवर बघा.

तिन्ही पिन ०.२५ मिमीने कमी करायच्या, बाजारात याला दहा नंबर म्हणतात. एकटी दोन नंबर करू नका. शेलचा सेट तिघांचा एकत्र येतो, आणि पुढच्या माणसाला एका क्रँकवर दोन मापं सापडली की गोंधळ होतो. मेन जर्नल मापात असतील तर नुसत्या नव्या स्टँडर्ड शेल. सुझुकीच्या बऱ्याच इंजिनांत स्टँडर्ड मेन शेलही रंगाच्या खुणेनुसार पाच जाडींत येतात, म्हणून जुन्या शेलच्या कडेचा रंग पुसायच्या आधी लिहून घ्या.

शॉपला तीन गोष्टी सांगून ठेवा. कडेची गोलाई जशी होती तशीच राहिली पाहिजे, चौकोनी कोपरा ठेवला तर तडा तिथूनच सुरू होतो. ग्राइंडिंगनंतर ऑइलच्या भोकाची धार मोडायची. शेवटची पॉलिश क्रँक इंजिनात ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने. बिडाच्या क्रँकवर ग्राइंडिंगने बारीक केस उभे राहतात, उलट दिशेने पॉलिश केली तर ते नव्या शेलला कानशीसारखे खातात.

परत आल्यावर सगळ्यांत वेळखाऊ काम ऑइलच्या भोकांचं. लांब बारीक ब्रश, रॉकेल, मग कॉम्प्रेसरची हवा, प्रत्येक भोकाच्या दोन्ही टोकांनी. एका तोंडावर बोट ठेवलं की हवा दुसऱ्यातून आली पाहिजे. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवी शेल शंभर किलोमीटरही टिकत नाही.

बसवताना शेलची पाठ कोरडी, पोट ऑइलने भरपूर ओलं. त्याआधी एकदा प्लॅस्टिगेजने (दाबाने चपटी होणारी मऊ पट्टी) ढिलाई मोजा: पिन आणि शेल कोरडी पुसून पट्टी पिनच्या लांबीत ठेवायची, कॅप मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि उघडून चपटी झालेली रुंदी पट्टीवरच्या मापाशी ताडायची. ०.०२ ते ०.०४ मिमी उत्तम. ०.०६ च्या पुढे आलं तर बसवू नका, शॉपला परत दाखवा. शेवटी आवळताना टॉर्क दोन-तीन टप्प्यांत, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. ज्या कॅपनंतर जड झाला, दोष त्या कॅपमध्ये.

भरती_ओहोटी
इंजिन खाली असा तर मागचा ऑइल सील बदलूकच व्हया. जुन्या सीलान क्रँकावर चर पाडलेलो असात तर नवा सील मिलीमीटरभर मागे-पुढे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतलो. नायतर ऑइल क्लच प्लेटीवर जाता आणि चढावर क्लच सुटता.

लेथवाला
चांगली आठवण. त्याच वेळी टायमिंग बेल्टच्या क्रँक स्प्रॉकेटची चावी आणि तिची खाचही बघा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. चावी ढिली असेल तर कॅम आणि ठिणगी दोन्ही मागे पडतात, आणि डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी टायमिंग एका जागी ठरत नाही. बेल्टही नवाच टाका.

सुरंगी
क्रँक उद्या पाठवतोय. पहिल्यांदा चालू करताना काय पाळायचं?

करंट
प्लग काढलेले ठेवून, कॉइलचा करंट तोडून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावा. चालू झाल्यावर लगेच टायमिंग लाइट, मॅन्युअलमधल्या अंशांवर, आणि डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पवर रंगाची रेघ मारा म्हणजे पुढे कोणी फिरवलं तर दिसेल. पिकअप कमी वाटला तर ॲडव्हान्सची व्हॅक्यूम नळी तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट सरकून तिथेच टिकली पाहिजे, सुटली तर डबीचा पडदा गेलाय. पहिले ५०० किलोमीटर अर्धाच माल, चढावर खालचा गिअर, मग ऑइल आणि फिल्टर बदला.

लेथवाला
ते ५०० किलोमीटरचं ऑइल स्वच्छ थाळीत काढा आणि उन्हात धरा. किंचित राखाडी झाक ठीक आहे. तांबडी चमक दिसली तर गाडी तिथेच थांबवा आणि इथे कळवा.

भरती_ओहोटी
आणि क्रेटाखाली कडा वर वळवलेला पत्र्याचा ताट घाला, मागच्या दाराकडे उतार देवन, कोपऱ्याक नळी लावन पाणी गाडीच्या भायर काढा. संध्याकाळी फरशी गोड्या पाण्यान धुवा, पण सीटखाली पाइप मारू नका.